हडप्पाच्या बाईला साडी नेसवायची का? आधी मण्याच्या भोकात बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेच्या गॅदरिंगमध्ये मोहेंजोदडोच्या बाजारातला २० मिनिटांचा प्रवेश बसवायचाय, काळ इ.स.पू. २५०० च्या आसपास, १४ मुलंमुली. मुलींना साडी नेसवली तर चालेल का, मुलांना धोतर का लुंगी, दागिने सगळे सोन्याचे का, नथ आणि सिंदूर दाखवू का, आणि ड्रेसवाल्याकडे 'प्राचीन भारत' म्हणून जो रेडीमेड सेट भाड्याने मिळतो तो घेऊन टाकू का.

शेवटचं आधी सांगते, तो सेट नका घेऊ. मी बघितलाय तो, अर्धा टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतला आणि अर्धा गरब्यातला असतो, जरीचा काठ, मखमलीचं ब्लाउज, चकाकणारा कमरपट्टा, आणि डोक्यावर मुकुट! मोहेंजोदडोत मुकुट घातलेला एक राजा अजून कुणाला सापडलेला नाही, राजवाडासुद्धा सापडलेला नाही.

मी नाटकवाली नाही. वीसेक वर्षं उत्खननातले मणी हाताळतेय, म्हणजे चाळायचे, मोजायचे, चित्रं काढायची, भोकं मापायची, आणि हल्ली म्युझियमच्या दालनांसाठी त्यांच्या प्रतिकृती ओवून देते. त्यामुळे माझं उत्तर जरा मण्यांच्या बाजूने झुकलेलं असणार, पण त्याला कारण आहे. हडप्पाच्या माणसांचे दागिने आपल्याला चांगले माहितीयेत, कपडे जवळजवळ नाहीतच, आणि जे काही कपडे माहितीयेत ते दागिन्यांच्या आणि भांड्यांच्या कृपेने. हे एकदा कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटतात.

कापूस, लोकर, रेशीम हे सगळं मातीत कुजतं. आपल्याकडे पाऊस, दमट माती, सिंधमध्ये वर येणारं खारं पाणी, साडेचार हजार वर्षांत कापडाचं पीठसुद्धा उरत नाही. इजिप्तचं बघा, तिथे वाळू कोरडी ठणठणीत. कैरोच्या दक्षिणेला तारखान नावाच्या जागी फ्लिंडर्स पेट्रीने १९१३ मध्ये खोदलं, त्यातलं चिंध्यांचं एक बोचकं तसंच लंडनला जाऊन पडून राहिलं, आणि १९७७ मध्ये ते साफ करायला घेतलं तर आतून निघाला एक लिननचा अंगरखा, बाह्या असलेला, बाह्यांना आणि खांद्याला बारीक चुण्या घातलेला, चक्क शिवलेला. कार्बन डेटिंगने त्याचा काळ आला इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ मधला. काखेत आणि कोपरापाशी वापरून पडलेल्या सुरकुत्या अजून दिसतात. म्हणजे कुणीतरी तो घालून हात दुमडलेत, काम केलंय. असा एक तुकडा आपल्याकडे मिळाला असता ना तर माझ्या अर्ध्या भाषणांची गरजच पडली नसती.

आपल्याकडे काय मिळालं, तर मोहेंजोदडोत १९२० च्या दशकात जॉन मार्शलच्या देखरेखीखाली खोदकाम चालू असताना चांदीच्या एका भांड्याला चिकटलेलं कापडाचं छोटंसं लक्तर. चांदीचे क्षार धाग्यात मुरले आणि त्यामुळे तो कुजला नाही, इतकंच. हा तुकडा तपासला गेला आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कापूस संशोधन प्रयोगशाळेत, गुलाटी आणि टर्नर या दोघांनी, आणि १९२८ मध्ये त्यांनी सांगितलं की हा खरा कापूस आहे, आणि मंजिष्ठेच्या लाल रंगात रंगवलेला आहे. माटुंग्याला ती संस्था आजही आहे, नाव बदललंय, समोरून जाणाऱ्या किती जणांना हे माहिती असेल देव जाणे. आता मंजिष्ठा म्हटलं की ज्यांनी कधी कापड रंगवलंय त्यांना लगेच कळेल, कापसावर मंजिष्ठा नुसती उकळून बसत नाही, आधी तुरटीसारखं काहीतरी लावून कापड तयार करावं लागतं तेव्हा रंग पक्का होतो. म्हणजे त्या एका लक्तरातून कापूस पिकवणारा, कातणारी, विणणारा आणि रंगारी असे चार जण उभे राहतात. तुमच्या बाजारात एक रंगाऱ्याचं दुकान नक्की ठेवा.

दुसरी जागा म्हणजे मण्याचं भोक. तांब्याचा मणी दोऱ्यात ओवून पुरला गेला की तांब्याला कळंक चढतो, तो हिरवा कळंक दोऱ्यात झिरपतो आणि दोरा जवळजवळ दगड होऊन भोकात बसून राहतो. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला नवाश्मयुगातल्या एका दफनात तांब्याच्या मण्यांमध्ये असाच कापसाचा धागा मिळाला, इ.स.पू. सहाव्या सहस्रकातला, म्हणजे मोहेंजोदडोच्याही तीनएक हजार वर्षं आधीचा. हडप्पा आणि सिंधमधल्या चन्हुदडोच्या दागिन्यांमध्ये तर रेशमाचे तंतू निघाले, चीनमधलं पाळीव किड्याचं रेशीम नाही, आपल्या जंगलातल्या टसरच्या जातीच्या किड्यांचं. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या होत्या.

आणि महाराष्ट्रातलं सांगायचं तर नेवासा. प्रवरेकाठचं आपलं ज्ञानेश्वरीचं नेवासा, तिथे १९५० च्या दशकात डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्यात दोरा शिल्लक होता, कापूस आणि रेशमाचा. घोड नदीकाठच्या चांडोलीला असाच तांब्याच्या मण्यांत जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा दोरा मिळाला. दोन्ही धागे ओळखले त्याच गुलाटींनी. हे हडप्पा नव्हे हं, त्याच्यानंतर हजारेक वर्षांनंतरचं आहे, तुमच्या नाटकात घुसवू नका, पण पद्धत तीच, कापड गेलं आणि दोरा राहिला, तोही दागिन्याच्या पोटात.

इथे माझं एक पाप कबूल करते. पहिल्याच सीझनला, तेव्हा मी एमएला होते, मला तांब्याचे पाच-सहा मणी साफ करायला दिले. मी उत्साहात दात घासायच्या ब्रशने पाण्यात धरून असे लख्ख केले की सर खूश होतील वाटलं, भोकातली माती टाचणीने टोकरून काढली. सर आले, त्यांनी एक मणी उचलला, उजेडाकडे धरला, भोकातून पलीकडे बघितलं, आणि इतकंच म्हणाले, "आरपार दिसतंय गं." रागावलेसुद्धा नाहीत. मला अर्थ कळायला संध्याकाळ झाली. त्या मातीत धागा होता का नव्हता हे आता कुणालाच कधी कळणार नाही. तेव्हापासून तांब्याचा मणी आला की माझ्या हातात पाणी येत नाही, आधी भिंग येतं.

तिसरी जागा फायन्सची. फायन्स म्हणजे गारेची भुकटी राख-सोड्यासारखा क्षार घालून भाजलेली, वरून निळी-हिरवी चकचकीत, काच नव्हे पण काचेची मावशी. याच्या छोट्या कुप्या बनवताना आत वाळू भरलेली कापडी पिशवी ठेवायची, तिच्यावर लगदा थापायचा, सुकल्यावर वाळू ओतून पिशवी काढून घ्यायची. पिशवी गेली पण कुपीच्या आतल्या भिंतीवर विणीचा ठसा उमटून राहिला. हडप्पाच्या अशा तुकड्यांवरची वीण इतकी सारखी आणि बारीक आहे की हे जाडंभरडं पोत्याचं कापड नव्हतं एवढं नक्की म्हणता येतं. सुती कापडाचा दर्जा चांगला होता. पण त्या कापडाचं करत काय होते, नेसत होते का गुंडाळत होते का शिवत होते, ते ठसा सांगत नाही.

त्यासाठी मग मूर्त्यांकडे जायचं. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे तो 'पुजारी-राजा', शंखजिरं नावाच्या मऊ दगडात कोरलेला, उंची १७.५ सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही, सध्या कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. तो पुजारी होता याला पुरावा नाही आणि राजा होता यालाही नाही, नाव चिकटलं ते चिकटलं. त्याने डाव्या खांद्यावरून एक शाल घेतलीय, उजवा खांदा उघडा, अगदी आपण उपरणं घेतो तसंच. शालीवर तीन पाकळ्यांची नक्षी आहे आणि त्या पाकळ्यांच्या खोलगट भागात पूर्वी लाल रंग भरलेला होता. आता ही नक्षी छापलेली, भरतकामाची, का दुसरं कापड कापून वर शिवलेली, हे दगडावरून ठरत नाही. सिंधी लोक अभिमानाने सांगतात की हाच आमच्या अजरकचा, म्हणजे ठशांनी छापलेल्या सिंधी कापडाचा पूर्वज, भावना मला पटते, पुरावा मधली चार हजार वर्षं दाखवत नाही. कपाळाला पट्टी बांधलीय, मधोमध गोल दागिना, तसाच एक उजव्या दंडावर. दाढी कातरलेली, ओठावरची मिशी साफ भादरलेली. तांब्याचे वस्तरे सापडतात, त्यामुळे हे नुसतं शिल्पकाराच्या मनातलं नसावं.

बायकांच्या मातीच्या मूर्ती भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी फक्त एक आखूड घागरा म्हणा किंवा कमरेला गुंडाळलेलं कापड म्हणा, तेवढंच घातलंय, त्यावर पट्टा, आणि गळ्यात पोटापर्यंत येणाऱ्या माळांवर माळा. वर काही नाही. पुरुषांच्या मातीच्या मूर्ती तर बऱ्याचदा नागड्याच आहेत. म्हणून सगळं शहर असंच फिरत होतं असं मी अजिबात म्हणत नाही, मूर्ती कशासाठी केली त्यावर ती कशी दाखवायची हे ठरतं, उद्या कुणी आपल्या कॅलेंडरवरच्या देवांचे फोटो बघून २०२० मध्ये पुण्यात लोक कमळावर उभे राहायचे असं लिहिलं तर कसं वाटेल.

मग साडी? पाचवारी, नऊवारी, पदर, निऱ्या असं ज्याला आपण साडी म्हणतो ते हडप्पाच्या कुठल्याही मूर्तीवर दिसत नाही. न शिवलेलं कापड अंगाला गुंडाळायची पद्धत होती, हे शालीवरून आणि घागऱ्यावरून दिसतं, आणि साडी-धोतर याच कुळातले हेही खरं, पण तेवढ्यावरून "साडी ५००० वर्षं जुनी" असं फलकावर लिहू नका. तांब्याच्या सुया सापडतात, हेही कुणीतरी तुम्हाला सांगेल. सापडतात, पण सुईने गोधडीही शिवतात, गोणही शिवतात, चामडंही शिवतात. सुईवरून ब्लाउज सिद्ध होत नाही.

स्टेजसाठी माझा सल्ला: साधा मांजरपाट घ्या, धुवून कांजी काढून टाका, नाहीतर तो पत्र्यासारखा उभा राहतो. मुलींना गुडघ्याच्या खालपर्यंत कमरेला गुंडाळा, त्यावर रुंद पट्टा, आणि वर दुसरा तुकडा छातीभोवती गुंडाळून डाव्या खांद्यावर टाका. ही माझी तडजोड आहे, पुरावा नाही, शाळेचं गॅदरिंग आहे म्हणून. मुलांना तसंच कमरेचं कापड आणि एक-दोघांना शाल. लुंगी म्हणा हवं तर, पण चौकड्याची नको. शिलाई दिसू देऊ नका, सेफ्टी पिना आतून लावा, मुलं नाचणार म्हणजे पिना लागणारच. सगळं पांढरं ठेवू नका, तीन-चार कापडं विटकरी लाल करा, मंजिष्ठा आयुर्वेदिक दुकानात मिळते पण १४ मुलांसाठी एवढा खटाटोप नको, साधा कपड्याचा रंग चालेल. जरीचा काठ मात्र कुठेच नको.

आता दागिने, इथे हात आखडू नका.

सुरुवात बांगड्यांपासून. ती ब्राँझची 'नर्तकी' सगळ्यांनी पुस्तकात बघितलेली असते, प्रत्यक्षात ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात लोक तिच्या समोरून तिला शोधत पुढे निघून जातात. तिचा डावा हात मनगटापासून पार खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलाय, २४-२५ होतात, आणि उजव्या हातात फक्त ४. गळ्यात तीन लोलकांची माळ, अंबाडा मानेवर एका बाजूला. हा डावा-उजवा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण हडप्पाच्या दफनभूमीत काही प्रौढ बायकांच्या सांगाड्यांवर शंखाच्या बांगड्या मिळाल्या त्या डाव्या हातावर. मूर्तीत दिसतं आणि हाडांवरही मिळतं असं क्वचित होतं. तेव्हा तुमच्या मुलींना दोन्ही हातांत सारख्या डझन-डझन भरू नका. डावा हात भरा.

शंखाच्या बांगड्या कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होत, द्वारकेजवळच्या नागेश्वरला तर शंख कापल्याचा कचराच कचरा मिळाला. शंख म्हणजे आपला पूजेतलाच. ब्राँझच्या करवतीने त्याच्या आडव्या चकत्या कापायच्या, पण शंख आतून वळत वळत जातो, त्यामुळे चकती पूर्ण गोल येत नाही, एका जागी सांधा राहतो. तो सांधा लपवायला म्हणा किंवा सजवायला, तिथे खाली टोक असलेल्या बाणासारखी खूण कोरायचे. ट्रेंचमध्ये बांगडीचा बोटभर तुकडा मिळाला आणि त्यावर ती खूण असली की मला फार बरं वाटतं, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं. बंगालमधल्या बायका आजही लग्नात शंखाच्या बांगड्या, म्हणजे शाखा घालतात. तुमच्यासाठी सोपा उपाय: प्लंबरकडून दोन इंची पीव्हीसी पाइपचे उरलेले तुकडे आणा, आरीपात्याने अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या चकत्या कापा, सँडपेपर मारा, वर पिवळट पांढरा ऑइलपेंट. मी म्युझियमच्या मुलांच्या कार्यशाळेला हेच करते. आणि काही बांगड्या मातीच्या ठेवा, कारण खोदताना सगळ्यात जास्त निघतात त्या भाजलेल्या मातीच्याच, पाट्याच्या पाट्या. तांब्याच्या होत्या, फायन्सच्या होत्या, आणि मोहेंजोदडोला एक खास दगडासारखी टणक भाजलेली करडी-काळी बांगडी होती, तिच्यावर डोळे फोडून बघावी लागतील इतकी बारीक अक्षरं कोरलेली, आणि ती भाजायची भट्टीतली भांडी शिक्का मारून सीलबंद केलेली. म्हणजे ती कुणीही उठून घालायची बांगडी नव्हती.

आता अकीक. लाल अकीकाचे लांबच लांब मणी ही हडप्पाची शान. कच्चा दगड भरूचजवळच्या रतनपूर भागातला, मूळ रंग मातकट पिवळा-तपकिरी. उन्हात वाळवून, मडक्यात राखेत-शेणीत हळू भाजला की आतलं लोह तांबडं होतं. घाई केली की दगड तडकतो. खंभातला हा धंदा आजही चालतो, मी तिथे दोनदा जाऊन बसलेय. कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी पहारीच्या टोकावर दगड टेकवतो आणि शिंगाच्या हातोडीने हलकेच मारतो, टवका समोरून नाही तर पहारीच्या बाजूने उडतो, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. आवाज टक-टक असा कोरडा. मला पाच दगड दिले होते शिकायला, पाचही फोडले, सहावा त्यांनी दिला नाही.

भोक पाडणं हे खरं काम. खंभातला आज कमानीच्या गिरमिटाला हिऱ्याचं टोक असतं, पटकन होतं. हडप्पाच्या काळात हिरा नव्हता. त्यांच्याकडे एका विलक्षण कठीण दगडाची बारीक गिरमिटं होती, चन्हुदडो आणि कच्छमधल्या धोलावीराला सापडली, चन्हुदडो खोदणाऱ्या अर्नेस्ट मॅकेच्या नावावरून त्या दगडाला अर्नेस्टाइट म्हणतात. मार्क केनोयर आणि मासिमो विदाले या पुरातत्त्वज्ञांनी प्रयोग करून बघितले, तर तासाला अडीच मिलिमीटरच्या आसपास भोक पुढे सरकतं. आता नऊ सेंटिमीटरचा मणी घ्या, करा हिशोब, ३६ तास निव्वळ फिरवत बसायचं, दोन्ही टोकांकडून, आणि मधे दोन्ही भोकं एकमेकांना भेटायला हवीत. जुन्या मण्यात उजेड टाकला की ती भेटीची जागा दिसते, बारीकशी पायरी असते तिथे. कराचीजवळ अल्लाहदिनो नावाचं एक छोटंसं खेडं आहे, तिथे एका मडक्यात दागिने पुरलेले मिळाले, त्यात अशा ३६ लांब मण्यांचा कमरपट्टा होता. केनोयरच्या हिशोबाने तो एक पट्टा करायला ४८० हून जास्त दिवसांचं काम. आणि ते खेडं म्हणजे आपल्या एखाद्या वाडीएवढं.

म्हणून म्हणते की दागिने सगळे सोन्याचे का, हा प्रश्नच आपल्या काळातला आहे. सोनं होतं, मोहेंजोदडोच्या ठेव्यांत सोन्याचे मणी, कपाळाला बांधायच्या पातळ पट्ट्या, टोकांना दोऱ्यासाठी भोकं असलेल्या, सगळं आहे. पण सोनं ठोकून पसरवता येतं, चुकलं तर वितळवून परत करता येतं. अकीक चुकला की गेला. किंमत हातांच्या वेळेत होती. हे मणी समुद्रापार गेले, इराकमधल्या उर शहराच्या शाही थडग्यांमध्ये, जिथे लिओनार्ड वूलीला राणी पुआबीचा सोन्याच्या पानांचा शिरपेच मिळाला, तिथेही सिंधूकडचे अकीकाचे मणी आहेत, आणि पांढरी नक्षी काढलेलेही. ती नक्षी क्षाराच्या लेपाने काढून भाजायची, मग पुसली जात नाही. आणि ज्यांना परवडत नव्हतं ते? मातीचे लांब मणी करून लाल रंगवायचे. अगदी तस्सेच, लांबून बघितलं तर फसाल. एक ग्रॅमवाल्या दागिन्यांची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे बरं का. तुमच्या बाजारात एका श्रीमंत बाईच्या गळ्यात चकचकीत लाल मणी आणि भाजीवालीच्या गळ्यात रंग उडालेले मातीचे, हे दाखवलंत तर प्रेक्षकांना न सांगता कळेल.

जाता जाता एक रडगाणं. मोहेंजोदडोला असाच अकीकाच्या लांब मण्यांचा पट्टा मिळाला होता, फाळणी झाली तेव्हा म्युझियममधल्या वस्तूंची वाटणी झाली, आणि तो पट्टा उसवून अर्धे मणी इकडे, अर्धे तिकडे. साडेचार हजार वर्षं टिकलेला दागिना कागदावरच्या बरोबरीसाठी तोडला. ओवणारीच्या नजरेने मला याचा अजून त्रास होतो.

सूक्ष्ममण्यांबद्दल थोडक्यात. शंखजिरं, म्हणजे टाल्कम पावडरचा दगड, नखाने ओरखडा निघेल इतका मऊ, तो भाजला की पांढरा आणि टणक होतो. त्याचे एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे मणी करायचे. मी पहिल्यांदा चाळणीत बघितले तेव्हा मला वाटलं खसखस सांडलीय कुणाच्या डब्यातली. हे हजारोंनी ओवून डोक्यात, केसांत घालत, आणि बायकाच नाही, हडप्पाच्या एका पुरुषाच्या सांगाड्याच्या डोक्याशीही असा केसांचा दागिना मिळाला. नाटकात हे करू नका, मागच्या रांगेला दिसणार नाही आणि ओवणाऱ्या आयांचे डोळे जातील.

नथ. स्पष्ट नाही. आपल्याला मराठी माणसाला नथीशिवाय बाई नटल्यासारखी वाटत नाही हे मान्य, पण हडप्पाच्या मूर्तींवर नथ नाही, आणि त्यानंतर सांची, भारहूत, अजिंठा, कुठेच नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी १९३० च्या दशकातच नथीच्या प्राचीनतेवर लिहून ठेवलंय, संस्कृत ग्रंथ धुंडाळून, आणि हिंदुस्थानात ती मध्ययुगात आलेली दिसते. इ.स.पू. २५०० मध्ये नथ म्हणजे नाटकात मोबाइल वाजण्यासारखं.

सिंदूर जरा नाजूक आहे. बलुचिस्तानच्या नौशारोला इ.स.पू. २८०० ते २६०० च्या सुमाराच्या काही मूर्ती आहेत, त्यांचे केस काळे रंगवलेले, भांगात लाल, आणि दागिने पिवळे, बहुतेक सोनं दाखवायला. भांगात लाल रंग होता हे खरं. तो लग्नाचा होता, नवऱ्याचा होता, का सणाचा होता, हे मूर्ती बोलत नाही, त्यामुळे "सौभाग्याचं लेणं" वगैरे डायलॉग टाकू नका, नुसता लाल भांग दाखवा, एक-दोघींना. मंगळसूत्राचा तर विषयच नको. काजळ बिनधास्त घाला, तांब्याच्या काजळकाड्या मिळतात, आरसेही मिळतात तांब्याचे, घासून चकचकीत केलेले. हस्तिदंती फण्याही. सगळ्यात सोपं दुकान हेच आहे, आरसा-फणी-काजळ विकणारी बाई.

एका मुलीला तो पंख्यासारखा उभा शिरपेच द्या, दोन्ही कानांशी वाट्यासारखे खोलगट. मातीच्या मूर्तींवर तो वारंवार येतो, आणि काही वाट्यांमध्ये काजळी मिळालीय, म्हणजे त्या मूर्तींचा दिव्यासारखा वापर झाला असावा. पुठ्ठ्याचा करा, कापड लावा. खऱ्या दिव्याच्या नादाला लागू नका, मुख्याध्यापक मला फोन करतील.

माळा ओवायला नायलॉन घेऊ नका, मणी त्यावर ताठ बसतात, गळ्यावर पडत नाहीत. सुती दोरा घ्या, दोन पदरी पिळून, मेणबत्तीवर एकदा ओढून घ्या, आणि मोठ्या मण्यांच्या मधे गाठ मारा, म्हणजे स्टेजवर तुटली तर एकच मणी घरंगळेल. गॅदरिंग झाल्यावर तांब्याचे मणी असलेल्या माळा घामेजलेल्या तशाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यात तर पुढच्या वर्षीपर्यंत दोरा भोकापाशी हिरवा झालेला दिसेल. तसं झालं तर ब्रश घेऊ नका. आधी मला फोटो पाठवा.